संरक्षक नक्की कोणाचा? ('मॉरिशसला फुकट नेलं, वर संरक्षकही दिला' या मताला उत्तर)

दप्तरातला उंदीर
परवा एका सदस्याने इथे लांबलचक लिहिलं. सार असं: इंग्रजी अमलात मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या मजुरांना जहाजाचं भाडं पडलं नाही, पाच वर्षांचा लेखी करार मिळाला, महिना ५ रुपये आणि वर शिधा मिळाला, गाऱ्हाणी ऐकायला सरकारने खास संरक्षक नेमला. सबब, रडगाणं बंद करा आणि इतिहास वाचा.

वाचलाय. म्हणून तर डोकं फिरलं.

१८३४ मध्ये माणसं न्यायला सुरुवात झाली. फसवाफसवीचा इतका बोभाटा झाला की १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारला ते बंद करावं लागलं. १८४२ च्या कायद्याने दार पुन्हा उघडलं ते कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई या तीन बंदरांतून. त्याच सुमारास मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला संरक्षक आला. इथवर लेखकमहाशयांचं खरं. पण त्याची नेमणूक आणि पगार कोणाच्या हातात? मॉरिशस सरकारच्या. आणि ते सरकार जगत होतं साखरेवर. संरक्षकाचं उठणं-बसणं, जेवणावळी सगळ्या मळेवाल्यांत.

मग काय होणार? कामावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या 'जुन्या' माणसानेसुद्धा स्वतःच्या खर्चाने फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा. जिल्हा बदलायचा तर पुन्हा कचेरीत खेटे. पास सापडला नाही की भटक्या म्हणून आत. गाऱ्हाणी ऐकायला माणूस नेमला होता ना? तरी १८७१ मध्ये ९,४०१ जणांना आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्याकडून अर्ज का लिहून घ्यावा लागला? त्याबद्दल मळेवाल्यांनी त्याला भर पोर्ट लुईत बडवला आणि बेटावरून हाकला म्हणून ओरड केली. पुढे १८७२ मध्ये चौकशीला रॉयल कमिशन आलं, १८७५ च्या अहवालात संरक्षकाच्या खात्याचेही वाभाडे निघाले. कुंपणच शेत खात होतं.

सरळसोट
तो परवाचा मजकूर माझाच. नाव घेऊन लिहायला लाज कसली?

तुम्ही सोयीचं तेवढं घेतलंत. वसाहतीसाठी इथून मजूर धाडणाऱ्या एजंटाला ठरावीक पगारच द्यायचा, डोक्यामागे कमिशन नाही, हे कायद्यातच होतं. चौकशीचं रॉयल कमिशनही इंग्रज सरकारनेच नेमलं, मळेवाल्यांनी नव्हे. आणि मदत देऊन माणसं हलवणं हा प्रकार फक्त काळ्यांसाठी होता असं भासवू नका. ऑस्ट्रेलियाला असेच गरीब इंग्रज, आयरिश नेले. १८४८ ते १८५० मध्ये आयरिश अनाथालयांतल्या चार हजारांवर पोरी पाठवल्या. त्यांना कोणी विचारलं होतं?

मॉरिशसला गेलेले बहुतेक तिथेच राहिले. कोणी बेड्या घातल्या होत्या?

दप्तरातला उंदीर
परतीचं फुकट भाडं १८५० च्या दशकात बंद केलं हे लिहायला विसरलात वाटतं. महिना ५ रुपयांत जहाजाचं भाडं साठवा आणि या परत!

एजंटाला पगार होता, कबूल. त्याच्या हाताखाली गावोगाव फिरणाऱ्याला मात्र डोक्यामागेच पैसे.

ऑस्ट्रेलियाचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. लंडनला १८४० मध्ये वसाहतींच्या जमिनी आणि स्थलांतर पाहणारं आयुक्तांचं मंडळ बसवलं. गोऱ्यांच्या जहाजांवर त्याचीच देखरेख, आपल्या लोकांच्या जहाजांचे नियमही त्याच टेबलावर. जहाजावरच्या डॉक्टरला जिवंत उतरलेल्या माणसामागे इनाम, हेही दोन्हीकडे. पण गोऱ्याचं भाडं सरकारी जमीन विकून आलेल्या पैशांतून निघे आणि उतरल्यावर तो स्वतः जमीन घ्यायची स्वप्नं बघे. आपल्या माणसाला पाच वर्षं एकच मळा. नियम लिहिणारा हात एक, मोजमापं दोन. माझा मुद्दा एवढाच आहे.

सरळसोट
न्यू साऊथ वेल्समध्ये काम सोडून पळालेल्या गोऱ्या नोकरालाही तुरुंगात टाकत. मालक-नोकर कायदा १८२८ चा. शोधा जरा.

दप्तरातला उंदीर
टाकत. पण शिक्षा भोगून सुटल्यावर गळ्यात फोटो अडकवून हिंडायला लावत नव्हते.

खाडीपलीकडचा
तुमचं चालू द्या. माझा मामेभाऊ राजापूरचा. २००९ मध्ये एका एजंटाने सुपरवायझर म्हणून आखातात नेला, उतरल्या उतरल्या पासपोर्ट काढून घेतला आणि उन्हात सळया वाकवायला लावला. तक्रारीला सरकारी कचेरीत गेला तर तिथला साहेब म्हणाला, सही तुझीच आहे ना? संरक्षक हा प्राणी अजून जिवंत आहे एवढं सांगायला आलो.

माडाची सावली
आमचं घर आखातानेच बांधलं. वडील बावीस वर्षं होते, आम्ही तिघं भावंडं शिकलो. दर वेळी गेलेल्या माणसाला बिचारा ठरवू नका. घरी काय होतं? खोताची बाकी आणि नाचणीची पेज. आपल्या पायांनी गेले ते शहाणेच.

खाडीपलीकडचा
तुमच्या वडिलांना चांगला मालक भेटला म्हणून माझ्या भावाचा पासपोर्ट परत आला नाही.

संगमेश्वरी बाणा
अवांतर आहे, पण राहवत नाही. मुंबईहून मॉरिशसला गेलेले मराठे पोटासाठी गेलेच नव्हते. ते सत्तावनच्या बंडातले होते, सरकारने पकडू नये म्हणून नाव बदलून जहाजात बसले. आमच्या पणजोबांचे चुलते त्यातलेच. १८५९ चे आकडे बघा, एका वर्षात ४० हजारांहून जास्त माणसं उतरली. उगाच नाही.

दप्तरातला उंदीर
त्या ४० हजारांतले बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईचा वाटा थोडा. आणि रत्नागिरी-साताऱ्याची माणसं १८५७ च्या आधीपासूनच जात होती.

संगमेश्वरी बाणा
म्हणजे आमचे पूर्वज खोटारडे?

दप्तरातला उंदीर
असं कुठे म्हटलं? पुरावा असेल तर द्या म्हटलं.

संगमेश्वरी बाणा
पुरावा आजीने सांगितलाय. तुमच्या इंग्रज कारकुनापेक्षा ती माझ्या लेखी खरी. घराण्यातला कोणी ऊस तोडायला गेला म्हणायचं म्हणजे काय!

माडाची सावली
हां, आता आलं पोटातलं ओठावर. ऊस तोडला तर अब्रू गेली? कोल्हापूर-सांगलीकडे आजही टोळ्या येतात बीडहून, त्यांना सांगा हे. बंडवाला पूर्वज सगळ्यांना हवा, मजूर कोणालाच नको.

संगमेश्वरी बाणा
माझ्या घराण्यावर घसरू नका. परिणाम वाईट होतील.

जुनी वही
भांडण्याऐवजी नोंद शोधा की. मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. माणसाचा क्रमांक, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज असं सगळं. पुढच्या काळातल्या पुष्कळांचे फोटोही आहेत. इथे मात्र मी एका दप्तरखान्यात जुन्या कागदांचा एक बस्ता मागितला तर उत्तर मिळालं, 'साहेब रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.' पुढच्या वेळी गेलो तर साहेबांची बदली झालेली.

खाडीपलीकडचा
ज्या फोटोंसाठी गरिबाला दंडुका दाखवला त्यांच्याच आधारे आज पणतवंडं आजा शोधतात. कमाल आहे.

सरळसोट
म्हणजे इंग्रजांनी निदान नोंदी नीट ठेवल्या हे तरी मान्य?

दप्तरातला उंदीर
मान्य. हिशेब चोख होता, माल माणसांचा होता म्हणून.

आणि माझं पटत नसेल तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं ऐका. गुहागरकडच्या कोतळूकचा माणूस, मवाळांतला मवाळ. ४ मार्च १९१२ ला वरिष्ठ कायदेमंडळात करारी मजुरीची पद्धतच बंद करा म्हणून ठराव आणला. त्यांनीही हेच सांगितलं, की मजुरांना सांभाळायला नेमलेले अधिकारी मळेवाल्यांच्याच वर्गातले. २२ हिंदी सभासदांनी बाजूने मत दिलं, तरी ठराव पडला. सरकारी मतं जास्त होती, म्हणजे तीही नेमलेलीच.

सरळसोट
गोखल्यांपुढे आम्ही काय बोलणार. संरक्षक निकामी होता, घ्या, लिहून दिलं. पण गुलामी हा शब्द मी तरीही वापरणार नाही, आणि परवाचा मजकूर काढणारही नाही.

संगमेश्वरी बाणा
मोकाला पत्र कोणत्या भाषेत लिहायचं? आणि गावाचं नाव त्यांनी चुकीचं लिहिलं असेल तर?

जुनी वही
इंग्रजीत लिहा. जहाजाचं नाव किंवा साल माहीत असेल तर द्या. बंडाबद्दल काही लिहू नका, तसा रकाना नाही तिथे.