एफए कप, ड्युरंड वगैरे कपची आता खरंच कोणाला पडलीय का? (मला पडलीय)

रावपुराकर_एव्हर्टन

परवा दांडिया बाजारात मित्राच्या ओट्यावर बसलो होतो, फुटबॉलच्या कपचा, म्हणजे हरलात की घरी अशा स्पर्धांचा (इंग्लंडचा एफए कप, आपला ड्युरंड), विषय निघाला आणि तो सरळ म्हणाला की कप म्हणजे आता राखीव पोरांना मॅच प्रॅक्टिस द्यायची स्पर्धा, कोण बघतं. मला राग आला पण तिथे चार लोकांत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय, लांबेल.

मी एव्हर्टनचा, इंग्लंडमधल्या क्लबचा फॅन. ३० मे २००९ ला एफए कपची फायनल होती, आम्ही विरुद्ध चेल्सी, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मी मेसमधून चहाचा ग्लास घेऊन येतोय, दारातच आहे अजून, आणि आमच्या साहाने गोल मारला पण! २५ सेकंद. ग्लास धरून मी तसाच उभा, हात भाजतोय तरी खाली ठेवायचं सुचत नाहीये, कारण खाली ठेवला तर काहीतरी बिघडेल असं वाटलं. नंतर चेल्सीच्या ड्रोग्बाने बरोबरी केली, मग त्यांच्याच लॅम्पार्डचा पाय घसरला, तो सावरून उठला आणि डाव्या पायाने मारला, संपलं, १-२. त्या सीझनला लीगमध्ये (सगळे सगळ्यांशी खेळतात, पॉइंट्सवर नंबर लागतो) आम्ही पाचवे आलो होतो. चांगला नंबर आहे, पण त्या पाचव्या नंबरची एक आठवण सांग म्हटलं तर माझ्याकडे नाही. फायनलचं मिनिट-मिनिट सांगतो.

आणि हे फक्त माझं नाही. २०२५ बघा. न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप घेतला, १९५५ नंतर त्यांच्या हातात आलेला पहिला देशातला मोठा कप. इटलीत बोलोन्याने ५१ वर्षांनी कप उचलला. एफए कपच्या फायनलला क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० हरवलं, एझेचा गोल, हेंडरसनने मार्मूशची पेनल्टी अडवली, आणि क्लबच्या अख्ख्या इतिहासातली ती पहिली मोठी ट्रॉफी. शिटी वाजल्यावर त्यांच्या स्टँडमध्ये म्हातारे लोक लहान मुलासारखे रडत होते, ते बघून जर कोणी म्हणत असेल की फॅन्सना कपची किंमत नाही तर मला त्याच्याशी काय बोलावं कळत नाही.

फॅन्सनी कप सोडलेला नाही. वरचे लोक तो फॅन्सच्या हातातून काढून घेतायत. यावर बोला.

अलकापुरी_सिटी

दादा, मी सिटीवाला आहे म्हणून पॅलेसच्या जखमेवर मीठ चोळलंस ते ठीक, पण जे फायनल जिंकतात त्यांचंच उदाहरण देऊन कसं चालेल? फायनल सगळ्यांना आवडते. प्रश्न जानेवारीतल्या तिसऱ्या राउंडचा आहे, जिथे मोठे क्लब कपमध्ये येतात. तेव्हा आठ-नऊ बदल करून टीम उतरते, स्टेडियममध्ये सीझन तिकीटवालेसुद्धा येत नाहीत अशा मॅचेस मी बघितल्यात.

पैशाचं बघ. एफए कपची फायनल जिंकली की साधारण २० लाख पाउंड. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरला येऊन खाली गेलास तरी १० कोटी पाउंडच्या घरात मिळतात. मॅनेजर काय वेडा आहे का कपसाठी मेन खेळाडू रिस्कवर टाकायला? आमच्या रॉड्रीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की मॅचेस इतक्या झाल्यात की खेळाडू संपावर जायच्या बेतात आहेत, आणि आठवडा उलटायच्या आत त्याचा गुडघा गेला. त्याच्याशिवाय आमचा सीझन कसा गेला ते सगळ्यांनी बघितलं. मला माझे खेळाडू धडधाकट हवेत, कपपेक्षा.

आणि हे काही आजचं नाही. १९९९-२००० मध्ये मँचेस्टर युनायटेड कप जिंकलेले असून खेळलेच नाहीत, ब्राझीलला क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळायला गेले. पंचवीस वर्षं झाली या गोष्टीला. रोग जुना आहे.

तन्वी_वाडी

मी लिव्हरपूलची आहे आणि मला अलकापुरीचं पटतं. फेब्रुवारी २०२० ला एफए कपमध्ये खालच्या डिव्हिजनच्या श्रूजबरीविरुद्ध रिप्ले (बरोबरी झाली की पुन्हा खेळायची मॅच) होता, आमचा मॅनेजर क्लॉप स्वतः गेला नाही, पोरांची टीम पाठवली, कारण मेन टीमला सुट्टी आधीच कबूल केली होती. लोकांनी शिव्या घातल्या पण मला तेव्हाही वाटलं बरोबर केलं, त्याच सीझनला ३० वर्षांनी लीग जिंकली ना आपण. लीग म्हणजे ३८ मॅचेसची मेहनत. कपमध्ये ड्रॉ चांगला लागला, पेनल्टी लागली, तर कोणीही जिंकतं. मला नशिबापेक्षा मेहनत मोठी वाटते, एवढंच.

रावपुराकर_एव्हर्टन

तन्वी, तू नेमका तोच सीझन काढलास! त्याच्या महिनाभर आधी, ५ जानेवारीला, तुमची तीच पोरं ॲनफील्डवर आमच्या पूर्ण ताकदीच्या टीमसमोर उतरली आणि १८ वर्षांच्या कर्टिस जोन्सने वरच्या कोपऱ्यात मारून आम्हाला बाहेर काढलं, १-०. तो गोल तू विसरलीस का? नाही विसरली. मीही नाही. राखीव टीम खेळवली म्हणून मॅच फालतू होत नाही, त्या पोराच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी रात्र असेल.

आणि नशिबाचं म्हणशील तर अर्मिनिया बीलेफेल्ड बघ, जर्मनीतला तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब, २०२५ च्या जर्मन कपमध्ये उनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, ब्रेमेन आणि लेव्हरकुसेन, चार बुंडेसलीगावाल्यांना (तिकडची सगळ्यात वरची लीग) घरी पाठवून फायनलला गेला. चार वेळा नशीब लागत नाही गं. तिकडे पहिल्या राउंडमध्ये खालच्या छोट्या क्लबला घरचं मैदान मिळतं, मोठ्यांनी त्यांच्याकडे जायचं, असा नियमच आहे. इटलीत उलटं, मोठे आठ क्लब थेट शेवटच्या सोळात येतात. कप जिवंत ठेवायचा की मारायचा हे अशा नियमांनी ठरतं.

प्रतापनगरचे_काका

मुलांनो, मी जरा जुनं सांगतो. माझे वडील रेल्वेत, प्रतापनगरला क्वार्टर. पास असायचा, म्हणून रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेला ते मला मुंबईला न्यायचे, रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी दादरला काकूकडे आंघोळ, दुपारी कुपरेज मैदान. कलकत्त्याच्या टीम यायच्या, गोव्याच्या यायच्या, हैदराबादची मंडळी असायची. आम्ही बडोद्याचे, आमची त्यात टीम नाही काही नाही, तरी वडील घसा बसेपर्यंत ओरडायचे. परत येताना गाडीत खारे शेंगदाणे आणि कोणी पास कुठे द्यायला हवा होता यावर वलसाडपर्यंत चर्चा.

तो कप १८९१ पासूनचा होता. हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते ५४ सलग पाच वेळा जिंकला. २०००-०१ ला शेवटचा झाला आणि नंतर बंद. १९९६ ला नॅशनल लीग आली, तारखा मिळेनात, मोठ्या टीम येईनात. कुपरेजला येणाऱ्या लोकांना कोणी विचारलं नाही की तुम्हाला हवाय का. सूनबाईंच्या मोबाइलवर ड्युरंडची फायनल बघितली मी, १८८८ ची स्पर्धा, तेव्हा वाटलं की ही तरी राहिली.

अलकापुरी_सिटी

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ड्युरंडचं तुम्हीच बघा. २०२५ च्या फायनलला नॉर्थईस्टने डायमंड हार्बरला ६-१ ने धुतलं. अशा एकतर्फी फायनलमध्ये काय मजा? महिनोन्महिने चालणाऱ्या लीगमध्ये टीम घडते. आपल्या फुटबॉलला नीट लीग पाहिजे, आठवणी नकोत.

होळकरी_इंदूर

मधेच घुसतोय, माहेर बडोदा असलेल्या बायकोने धागा पाठवला. अलकापुरी भाऊ, तो डायमंड हार्बर २०२२ ला सुरू झालेला क्लब आहे, आणि सेमीफायनलला त्याने ईस्ट बंगालला हरवलं होतं! तीन वर्षांचा क्लब शंभर वर्षांच्या क्लबला बाहेर काढतो हे लीगमध्ये दिसलं असतं का? तो अजून वरच्या लीगमध्ये नव्हताच. आणि २०२५ मध्ये आयएसएल, म्हणजे देशातली वरची लीग, कधी सुरू होणार याचा पत्ता नव्हता तेव्हा खेळली कोणती स्पर्धा गेली, ड्युरंड आणि सुपर कपच ना.

क्रिकेटचं एकच सांगतो. १९४७ च्या मार्चमधली रणजी फायनल, तुमचा बडोदा आणि आमचा होळकर, तेव्हा रणजी हरलात की घरी अशीच होती. हजारे आणि गुल मोहम्मद, ५७७ ची भागीदारी, आमच्या बॉलरांचे हाल. आमच्या घरात आजोबा तो आकडा अजून दुखल्यासारखा सांगायचे. हरणाऱ्यांच्या घरात सुद्धा तो आकडा राहतो.

अलकापुरी_सिटी

५७७ ला सलाम, पण रणजीसुद्धा आता ग्रुप करूनच खेळवतात, सगळ्यांना जास्त मॅचेस मिळाव्यात म्हणून. तेच म्हणतोय मी.

माझा मेन प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कपवाल्यांनी द्यावं. विगन. ११ मे २०१३ ला आम्हाला हरवून एफए कप जिंकला, ९१ व्या मिनिटाला बेन वॉटसनचं हेडर. तीन दिवसांनी लीगमधून खाली गेले. दोन वर्षांत अजून एक पायरी खाली, २०२० मध्ये दिवाळखोरीत. पोर्ट्समथने २००८ ला कप घेतला आणि २०१३ पर्यंत चौथ्या डिव्हिजनला. कपने कोणाचं पोट भरलं? आणि पॅलेस, ज्यांचं एवढं कौतुक चाललंय, त्यांना कप जिंकून युरोपा लीग (युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा) मिळायला हवी होती, ती मालकीच्या नियमावरून (एकाच मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नकोत) काढून घेतली आणि खालच्या कॉन्फरन्स लीगला पाठवलं, कोर्टात गेले तरी हरले. जिंकूनही हे.

गोलकीपर_कारेलीबाग

मी काय मोठा अभ्यासक नाही, लोकल खेळतो. दोन वर्षांपूर्वी एका नॉकआउटमध्ये आमच्या गल्लीच्या टीमला अहमदाबादची एक मोठी कंपनीची टीम लागली. ते बसमधून उतरले, सगळ्यांची एकसारखी बॅग, फिजिओ, बर्फाचा डबा. आमच्याकडे दोन पोरांचे स्टड्स उधारीचे. हाफटाइमला ०-० होतं. शेवटी ०-४ हरलो, माझे दोन्ही गुडघे सोललेले, आणि अंधार पडायला आल्यावर त्यांच्या गोलकीपरने येऊन मला त्याचे ग्लोव्ह्ज दिले, म्हणाला डावीकडे चांगला जातोस. ते ग्लोव्ह्ज अजून आहेत, फाटले तरी टाकवत नाहीत. लीगमध्ये त्यांची आणि आमची गाठ या जन्मात पडली नसती.

टॅमवर्थचं आठवतं का, जानेवारी २०२५, पाचव्या डिव्हिजनचा क्लब, एफए कपमध्ये समोर प्रीमियर लीगचा टॉटनम. गोलकीपर जस सिंग, एरवी बिल्डिंग सर्व्हेयरची नोकरी करतो. ९० मिनिटं ०-०! मग एक्स्ट्रा टाइमला टॉटनमने बेंचवरून सॉन, कुलुसेव्स्की आणले आणि ०-३. मी गोलकीपर म्हणून सांगतो, त्या ९० मिनिटांनंतर त्याला रिप्ले मिळायला हवा होता.

रावपुराकर_एव्हर्टन

हेच! हाच माझा मुद्दा आणि मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवा होता. एक वर्ष आधी ती मॅच झाली असती तर टॅमवर्थ लंडनला साठ हजारांच्या स्टेडियममध्ये रिप्ले खेळले असते, कपमध्ये गेटचे पैसे दोन्ही क्लबांत वाटले जातात, म्हणजे अशा क्लबचं कित्येक वर्षांचं भागलं असतं. पण एप्रिल २०२४ ला एफएने (इंग्लंडची फुटबॉल संघटना) जाहीर केलं की रिप्ले बंद, कारण कॅलेंडरमध्ये जागा नाही. आणि लगेच पुढच्या महिन्यात, १९ मे ला लीग संपली आणि २२ मे ला टॉटनम आणि न्यूकॅसल मेलबर्नला फ्रेंडली खेळत होते. तीन दिवसांत ऑस्ट्रेलिया! अलकापुरी, खेळाडूंच्या पायांची काळजी मलाही आहे रे, रॉड्रीचं मलाही वाईट वाटलं, पण पाय दमतात म्हणून टॅमवर्थचा रिप्ले काढायचा आणि मेलबर्नचं विमान ठेवायचं, हे मला मान्य नाही.

अलकापुरी_सिटी

मेलबर्नचं माहीत नव्हतं. रिप्लेवर तुझं बरोबर आहे, निदान प्रीमियर लीगचा क्लब खालच्या डिव्हिजनच्या मैदानावर बरोबरीत अडकला तर रिप्ले पाहिजे.

पण विगन? उत्तर दे ना. कप आणि रेलिगेशन (खालच्या डिव्हिजनला जाणं), दोन्ही एकदम मिळतंय. घेशील?

रावपुराकर_एव्हर्टन

खरं सांगतो, दोन दिवस विचार केला यावर.

२८ मे २०२३, शेवटचा दिवस, बोर्नमाउथविरुद्ध आमच्या डुकुरेने मारला आणि आम्ही १७ व्या नंबरवर राहून वाचलो (शेवटचे तीन खाली जातात). मी रावपुऱ्यात गच्चीवर जाऊन रडलो, खाली आई घाबरली. म्हणजे खाली जायची भीती मला पुस्तकातून माहीत नाही. आणि आमचा शेवटचा कप १९९५ चा, राइडआउटचं हेडर, युनायटेडविरुद्ध १-०, तो मी नंतर व्हिडिओवरच बघितला. गुडिसन या आमच्या जुन्या मैदानावरची पुरुष टीमची शेवटची एफए कप मॅच फेब्रुवारी २०२५ ला बोर्नमाउथशीच झाली, ०-२, ती लाइव्ह बघितली, संपल्यावर स्क्रीन बंद करवेना.

घेईन. रेलिगेशनसकट घेईन. डिव्हिजन परत चढता येते, बाकीचे चढलेत. माझ्या मुलीला मी एव्हर्टनची जर्सी घालतो, ती सात वर्षांची आहे, परवा तिने विचारलं बाबा आपण काय जिंकलोय. १७ वा नंबर तिला कसा सांगू?

तन्वी_वाडी

मी नाही घेणार, अजूनही लीगच. पण मुलीला लिव्हरपूलची जर्सी पाहिजे असेल तर सांग, माझ्याकडे छोट्या साइझची आहे.

प्रतापनगरचे_काका

तिसऱ्या राउंडच्या मॅचेस आपल्याकडे शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास असतात ना? नात झोपायच्या आत होते मग. कोणत्या चॅनलवर लागते ते कोणीतरी लिहा.