लिंचवरचा माहितीपट सिनेमाच्या दारातच का थांबला?

गोदाकाठचा (नांदेड): अमेरिकी सिनेदिग्दर्शक डेव्हिड लिंचवरचा 'द आर्ट लाइफ' (२०१६) हा माहितीपट काल परभणीत मित्राच्या घरी पाहिला. दीड तास लिंच स्टुडिओत चित्रं रंगवतो, सिगारेट ओढतो, जुन्या आठवणी सांगतो. त्याच्या पहिल्या मोठ्या सिनेमापाशी, 'इरेझरहेड'पाशी आलं की संपलं! नंतरचा गाजलेला 'मलहॉलंड ड्राइव्ह' नाही की काही नाही. हे भरल्या ताटावरून उठवणं झालं. आमच्याकडं असे सिनेमे टॉकीजला लागत नाहीत, माहितीपटातूनच शिकायचं असतं.

चित्रकलेचा मास्तर (अंबाजोगाई): तुम्ही म्हणायलात ते मला अजिबात पटत नाही. लिंचची शैली त्या जुन्या आठवणींतच तर दिसते. आईनं भावंडांना रंगवायची पुस्तकं दिली, डेव्हिडला मुद्दाम दिली नाहीत. छापील रेघांत पोरगं अडकू नये म्हणून. माझ्या वर्गात मोराच्या तयार आकृतीत रंग भरणारी पोरं असतात. मागं सहावीतल्या एका पोरीला कोरा कागद दिला. अर्धा तास नुसती बसून होती, मग तिनं बाभळीला अडकलेली काळी पन्नी काढली, वाऱ्यानं फुगलेली. लिंचलाही फिलाडेल्फियात शिकताना चित्रातून वारा आल्याचं जाणवलं, चित्र हलावं वाटलं. त्यातूनच १९६७ ची त्याची पहिली छोटी फिल्म झाली. आणखी काय दाखवायचं राहिलं?

तेरणाकाठ (धाराशिव): सर, खूप राहिलं. अख्ख्या माहितीपटात बोलतो एकटा लिंच. 'इरेझरहेड'ला काही वर्षं लागली, त्यातली ती सततची घरघर ध्वनी घडवणाऱ्या अॅलन स्प्लेटसोबत घडली. सोबत राबलेल्या माणसांना कुणी विचारलंच नाही. तळघरातला प्रसंग घ्या. लिंच वडिलांना कुजवत ठेवलेली फळं, मेलेला पक्षी हौसेनं दाखवतो आणि वडील म्हणतात, तू कधी मुलं होऊ देऊ नकोस. तेव्हा बायको पेगीला दिवस गेलेले होते. तिची बाजू कुठाय? एका माणसाची आठवण म्हणजे चरित्र नव्हे.

गोदाकाठचा: पेगीचं बरोबर आहे, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पण तो जिना चढताना वडिलांचा चेहरा पडलेला, हे लिंच सांगतो ना, तिथं मी थांबलो. सिनेमाच्या कोर्सला जायचं म्हणालो तेव्हा आमचे दादा, म्हणजे वडील, काही बोलले नव्हते, बैलापुढं पेंढी टाकत राहिले. तेवढा भाग मी तीनदा मागं घेऊन पाहिला. तरी पुढचे सिनेमे यायलाच पाहिजे होते.