'लक्षणीय' जनुकं म्हणजे कोणती?

मुक्ता_नाशिक: रुग्ण-गटांसाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'आर' ही संगणकप्रणाली वापरून जनुकांच्या माहितीतून रोगाचे बायोमार्कर, म्हणजे रोग ओळखायला मदत करणाऱ्या शरीरातल्या खुणा, कसे शोधतात, हा विषय. उदाहरण १९९९ सालचं: तीव्र ल्युकेमियाच्या ३८ रुग्णांची अस्थिमज्जा, ६,८१७ जनुकं, त्यावरून रोगाचे दोन प्रकार ओळखायचे. ज्या जनुकांतला फरक आकडेवारीच्या कसोटीला उतरतो, ती 'सिग्निफिकंट'; त्याला मी सवयीने 'लक्षणीय' लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी समासात विचारलं, "कोणत्या लक्षणाची जनुकं?" खरंच, रुग्णाला लक्षण म्हणजे ताप नाहीतर सूज. काय लिहू? बायोमार्करलाही शब्द हवाय.

गीर्वाण: सार्थ. आणि जैवचिन्हक.

आकडेमोड: 'सार्थ'ला माझा ठाम विरोध. दोन प्रकारांत काहीच फरक नसता, तरी पाच टक्क्यांच्या कसोटीला ६,८१७ पैकी सुमारे ३४१ जनुकं नुसत्या योगायोगाने उतरली असती. म्हणून तर अशा खोट्या निवडींचं प्रमाण आटोक्यात ठेवणारी, बेंजामिनी आणि होखबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची १९९५ची दुरुस्ती लावतात. त्या ३४१ना 'सार्थ' म्हटलं की घरचे लोक त्यात अर्थ शोधत बसतील. 'योगायोगापलीकडची' लिहा.

मुक्ता_नाशिक: अर्थ चोख बसतो, पण तक्त्याच्या रकान्यात मावत नाही हो.

बांधावरून: बायोमार्करला 'जैवखूण' म्हणा. आमच्याकडे हद्दीच्या दगडाला खूणच म्हणतात. दगड म्हणजे शेत नव्हे, पण शेत कुठे संपतं ते तो सांगतो. मार्करचंही तेच काम.

गीर्वाण: 'जैव' संस्कृत, 'खूण' देशी. असा सांधा कानाला खुपतो. मुळात 'लक्ष्' धातूचा अर्थच खूण करणं, पाहून ओळखणं. बत्तीसलक्षणी मुलगा म्हणजे ताप आलेला मुलगा नव्हे! वैद्यकाने शब्द आखडला, म्हणून आपण तो का सोडायचा?

बांधावरून: कारण पुस्तिका आजारी माणूस वाचणार आहे, धातुपाठ नाही.

मोडीवाचक: 'निशाणी' कुणालाच कशी आठवली नाही? जुन्या कागदांत पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असते. लिहिता न येणाऱ्याची ओळख पटवणारी खूण. 'रोगाची निशाणी' माझ्या आजीलाही कळलं असतं.

गीर्वाण: निशाणी फारसी.

मोडीवाचक: कागद, दवाखाना, हजार हेही फारसीतूनच आले. आजीच्या खरेदीखतावर 'निशाणी डावा अंगठा' आहे. तिला तो शब्द परका नव्हता.

बांधावरून: आमच्या जुन्या कागदावरही नांगर आहे, पण फाळ उलटा काढलाय. गावागावांत नांगर वेगळा काढायचे का?

मोडीवाचक: मी पाहिलेल्या कागदांत दोन नांगर सारखे नाहीत. तुमच्या कागदाचा फोटो टाका ना, त्यावर कुठला परगणा लिहिलाय?