घराच्या बांधकाम परवानगीचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला आहे. पुढे काय करावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही स्वतःच्या भूखंडावर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधणार असून वास्तुविशारदांमार्फत परवानगीसाठी अर्ज केला होता. तो त्रुटीपत्रासह परत आला आहे. कागदोपत्री भूखंड १२ मीटर रुंद व १८ मीटर लांब आहे आणि घर ९ बाय १२ मीटरचे आहे. स्थळपाहणीत मात्र रुंदी ११.७० मीटरच भरली, त्यामुळे दोन्ही बाजूंना १.५० मीटर सामासिक अंतर (घर आणि हद्द यांमधील मोकळी जागा) आवश्यक असताना एका बाजूला १.२० मीटरच उरते, असा पहिला आक्षेप आहे. सांडपाण्याची व्यवस्था नकाशात अपुरी दाखवली आहे, हा दुसरा. ठेकेदारांचे म्हणणे असे की पत्रव्यवहार चालू राहील, तोवर पाया खोदून घ्यावा. तसे करावे का?

उत्तर १ (वास्तुविशारद)

कृपया खोदकाम सुरू करू नका. परवानगी नसताना घातलेला पाया अनधिकृत बांधकामात मोडतो आणि नंतर नकाशा बदलावा लागला, तर तोच पाया तुमच्या मार्गातील सर्वांत महागडा अडथळा ठरतो. येथे तर नकाशा बदलण्याची शक्यता बरीच आहे.

आधी अधिकृत मोजणी करून हद्दखुणा कायम करून घ्या. ही ३० सेंटीमीटरची तूट नेमकी कुठे गेली, हे टेप लावून समजणार नाही, कारण टेप कुंपणापासून कुंपणापर्यंत धरली जाते आणि कुंपण हद्दीवरच उभे असते असे नाही. अनेकदा भिंत बांधणाऱ्याने वाद नको म्हणून ती आपल्याच जागेत आत घेतलेली असते. तसे असेल तर मोजणीचा नकाशा जोडल्यावर आक्षेप निकाली निघू शकेल. जागाच कमी निघाली, तर घर सरकवून उपयोग नाही, रुंदीच कमी करावी लागेल. भूखंडाच्या निम्म्या क्षेत्रावर बांधकामाची मर्यादा असल्यास २१६ चौरस मीटरवर १०८ चौरस मीटर मिळत होते, आणि तुमचे घर नेमके तेवढेच आहे. भूखंड २१०.६० चौरस मीटरचा धरला की मर्यादा १०५.३० वर येते. घर ८.७० बाय १२ केले तर १०४.४० होते, म्हणजे अंतर आणि क्षेत्र या दोन्ही अटी एकाच बदलात पूर्ण होतात.

उत्तर २

आम्ही या प्रक्रियेतून गेलो आहोत, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सर्व मुद्द्यांचे उत्तर एकाच वेळी आणि पत्रातील क्रमानेच द्या. आम्ही हाती आलेले कागद घाईने जमा केले आणि उरलेले नंतर देऊ असे म्हटले, तेव्हा प्रस्ताव पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी तर कारण फारच लहान होते: तळमजल्याचा नकाशा सुधारित होता, पण छेदनकाशाचे (घर उभे कापल्यास आतून कसे दिसेल ते दाखवणाऱ्या नकाशाचे) पान जुनेच राहिले होते आणि दोन्हींतील जिन्याची रुंदी वेगळी दिसत होती. प्रत्येक पानावर सुधारणेचा क्रमांक व तारीख आहे, हे स्वतः पाहूनच संच द्या. पोच घ्यायला विसरू नका.

उत्तर ३ (स्थापत्य अभियंता)

सांडपाण्याचा मुद्दा किरकोळ समजू नये. केवळ नळीची रेघ काढून भागत नाही, चेंबरच्या तळाची पातळी आणि ज्या गटाराला जोडायचे त्याची पातळी, दोन्ही नकाशावर हव्यात. शंभराला एक असा उतार धरला, तर १८ मीटर लांबीत नळी १८ सेंटीमीटर खाली जाते, आणि गटार त्याहून वर असेल तर जोत्याची उंचीच बदलावी लागते. ही गोष्ट पाया भरल्यावर उमगली तर फारसे काही करता येत नाही.

बाजूच्या अंतराबाबतही तडजोड सुचवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उजेड आणि हवा यांइतकेच ते आगीसाठी असते. १६६६ साली लंडन जळाले, तेव्हा खेटून उभ्या असलेल्या लाकडी घरांमधून आग पसरत गेली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने घरे विटांची किंवा दगडाची बांधणे सक्तीचे केले आणि रस्ते रुंद करण्याची तरतूद केली.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. खोदकाम थांबवले असून मोजणीसाठी अर्ज करत आहोत. रुंदी कमी करावीच लागली, तर ते ३० सेंटीमीटर कोठून घ्यावेत? ठेकेदार जिना अरुंद करण्यास सुचवत आहेत.

उत्तर १ (वास्तुविशारद)

जिन्याला हात लावू नका. त्याची किमान रुंदी नियमाने ठरलेली असते आणि आजारी माणसाला उचलून खाली आणायची वेळ आली, की तेथील प्रत्येक सेंटीमीटर लागतो. बैठकीच्या खोलीतून ३० सेंटीमीटर घ्या. मात्र त्यामुळे कॉलमची एक रांग सरकेल, तेव्हा संरचनेचे नकाशेही नव्याने काढून त्याच संचात जोडा.