‘दहिकाला’ की ‘दशावतार’?

प्रश्न : दहीहंडी श्रावणात. मग कुडाळ-वेंगुर्ल्याकडे कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या जत्रांत ‘दहिकाला’ कसला असतो? तिथे तर रात्रभर दशावतारी नाटक चालतं. आणि त्यात दहा अवतार कुठे दिसतात?

– काला म्हणजे कालवलेलं. हरिनाम सप्ताह काल्याच्या कीर्तनाने संपतो, आषाढी वारीतही गोपाळपूरला गोपाळकाला होतो. तसंच इथे. नाटक उजाडेपर्यंत चालतं, मग दहीहंडी फुटते. शेवटच्या विधीचं नाव अख्ख्या रात्रीला पडलं. मालवणीत ‘धयकालो’.

– दहा अवतारांच्या अपेक्षेने बसलात तर सकाळ होईल! सुरुवातीच्या भागाला ‘आडदशावतार’ म्हणतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते. मग वेद पळवणारा संकासुर. हा काळ्या वेशातला, मालवणीत बोलणारा, भटजीची फिरकी घेणारा. विष्णू त्याला मारतो, म्हणजे एक अवतार झाला. बाकीचे नावापुरतेच. पुढे ‘आख्यान’, म्हणजे मुख्य पौराणिक कथा, लागतं, ते शंकराचं असो नाहीतर देवीचं. लिखित संहिता नाही. कथा आधी ठरते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. मला विचाराल तर आख्यानापेक्षा संकासुरच भारी.

– बोलण्यातला फरक असा : ‘आज धयकालो कोणाचो?’ या प्रश्नाला देवाचं नाव सांगायचं नसतं, नाटक मंडळाचं सांगायचं. मोचेमाडकरांचो, वालावलकरांचो, आरोलकरांचो. ‘दशावतारी’ हे नुसतं विशेषण नाही, कलाकारालाही तेच म्हणतात. शहरात तिकीट लावून होणाऱ्या ‘ट्रिकसीन’वाल्या, म्हणजे चमत्कारांची दृश्यं दाखवणाऱ्या, प्रयोगाला मात्र दहिकाला म्हणू नये. देऊळ नाही, जत्रा नाही, हंडी नाही, काला कुठून येणार? त्याला सरळ ‘नाटक’ म्हणा.

– ‘पेटारो’ राहिला की! वेशभूषेचं सामान आणि गणपतीचा लाकडी मुखवटा त्यात असतो. रंगायला बसण्याआधी त्याची पूजा होते. पूर्वी तो डोक्यावर घेऊन पुढचं गाव चालत गाठायचे. ‘रातीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण त्यातलीच.

प्रश्नकर्ता : आणि ‘नशिबाचे दशावतार’?

– तो घाटावरचा वापर, त्यात अर्थ हालअपेष्टांचा. जत्रेत कुणी दशावतार म्हणालं तर हाल नव्हेत, फार तर जागरण.