‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पोर्तुगीज अमलाखालील वसई, चौल आणि गोवा यांवरील मराठी लेखनात ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाच्या कॅथलिक संस्थेचा उल्लेख येतो. तिच्यासाठी कोणी ‘दयागृह’ लिहितात, कोणी ‘अनाथाश्रम’, तर कोणी ‘धर्मादाय रुग्णालय’. मूळ नावाचा नेमका अर्थ काय, आणि यांतला कोणता प्रतिशब्द ग्राह्य धरावा?

उत्तर : शब्दशः अर्थ ‘दयेचे पवित्र घर’ असा आहे, आणि सगळा घोटाळा त्यातल्या ‘घर’ या शब्दामुळे झालेला आहे. मराठीत सामासिक शब्दाच्या शेवटी ‘गृह’ आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहते : वसतिगृह, सुधारगृह, प्रसूतिगृह. त्यामुळे ‘दयागृह’ म्हटल्यावर निराश्रितांना ठेवण्याची एखादी वास्तू असावी, असे वाटते. प्रत्यक्षात ‘काझा’चा येथील अर्थ आपल्या ‘पेढी’सारखा आहे. पेढी म्हणजे मुळात बसण्याची जागा; परंतु ‘पेढी बुडाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बैठक पाण्यात गेली असे कोणी समजत नाही. सांता काझा ही वास्तू नव्हती. नेमलेली दयाकृत्ये पार पाडण्यासाठी वचनबद्ध झालेल्या गृहस्थांचे ते मंडळ होते. त्या मंडळाने रुग्णालये चालवली, निराधार मुलींची सोय पाहिली, कैद्यांना अन्न पोचवले. म्हणून त्याला रुग्णालय किंवा अनाथाश्रम म्हणणे म्हणजे देवस्थानाला त्याच्या अन्नछत्राच्या नावाने ओळखण्यासारखे आहे.

हे मंडळ १५ ऑगस्ट १४९८ रोजी लिस्बनच्या कॅथेड्रलमध्ये स्थापन झाले. राजा दुसरा जुआंव याची विधवा राणी लिओनोर हिने, तिचा भाऊ राजा मानुएल स्पेनमधील कास्तीलला गेलेला असताना राज्यकारभार सांभाळत असतानाच, या मंडळाला आधार दिला. त्याच वर्षी मे महिन्यात वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला होता. त्यामुळे पोर्तुगीजांची सत्ता पूर्वेकडे जेथे जेथे पोचली, तेथे तेथे ही नवी संस्थाही तिच्या पाठोपाठ पोचली. गोवा, कोची, चौल, वसई, दमण, दीव, मकाव आणि थेट जपानमधील नागासाकीपर्यंत तिच्या स्वतंत्र शाखा उभ्या राहिल्या. मात्र हे नाव पोर्तुगीजांनी प्रथम वापरले असे नाही. फ्लॉरेन्समधील मिझेरिकॉर्दिया परंपरेनुसार १२४४ पासूनची मानली जाते, आणि रुग्णवाहिकांची सेवा ती आजही चालवते.

आता ‘मिझेरिकॉर्दिया’ या शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘मिझेर’ म्हणजे दीन आणि ‘कोर’ म्हणजे हृदय. दीनासाठी द्रवणारे हृदय असा त्याचा भाव आहे. लॅटिन ‘कोर’ची मूळ प्रकृती आणि आपल्या ‘श्रद्धा’ शब्दातील ‘श्रत्’ ही एकाच मुळातून आली असे भाषाशास्त्रज्ञ पारंपरिक रीतीने मानत आले आहेत. मला हा योग फार मोलाचा वाटतो. भावार्थाने संस्कृतातला ‘अनुकंपा’ हा शब्द सर्वांत जवळचा आहे, कारण त्यातही दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः कंप पावणे आहे. परंतु आजच्या मराठीत ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’ या प्रयोगाने त्या शब्दाला कचेरीतल्या अर्जाचा वास लागलेला आहे. ‘धर्मादाय’ तर मुळीच चालणार नाही, कारण त्यात द्रव्य देणे हा अर्थ मुख्य आहे. या मंडळाच्या नियमांत चौदा दयाकृत्ये सांगितली होती आणि त्यांतली सात आत्मिक होती : अज्ञानी माणसाला शिकवणे, चुकलेल्याला सौम्यपणे समजावणे, दुःखिताचे सांत्वन करणे, अपराध क्षमा करणे इत्यादी. उरलेली सात शारीरिक होती, आणि त्यांतही मृतांना मूठमाती देणे हे कृत्य होते, ज्यात द्रव्यापेक्षा खांदा अधिक लागतो. लिस्बनमध्ये मंडळाचे सदस्य फाशीची शिक्षा झालेल्यांना वधस्तंभापर्यंत सोबत करीत आणि वर्षातून एकदा मिरवणुकीने जाऊन त्यांच्या अस्थी गोळा करून त्यांना सन्मानाने पुरीत. या आचाराला ‘दान’ म्हणता येत नाही. ‘दया’ हाच शब्द येथे पुरा पडतो.

संस्थेच्या कागदपत्रांत आणखी तीन शब्द भाषांतरकाराला चकवतात. पहिला ‘कोंप्रोमिसो’. इंग्रजी वळणाने वाचणारा त्याचे भाषांतर ‘तडजोड’ करतो आणि संपूर्ण वाक्य निरर्थक होते. येथे त्याचा अर्थ सर्वांनी मिळून स्वीकारलेली बांधिलकी, म्हणजेच मंडळाची नियमावली. लिस्बनची नियमावली १५१६ मध्ये छापली गेली, आणि १५७७ व १६१८ मध्ये ती पुन्हा नव्याने लिहिली गेली. दुसरा शब्द ‘मेझा’, म्हणजे मेज. (मराठीतला ‘मेज’ फारसीतून आला की पोर्तुगीजमधून, यावर मतभेद आहेत.) येथे मात्र ‘मेझा’ म्हणजे कार्यकारी मंडळ : येशू आणि त्याचे बारा शिष्य यांच्या संख्येप्रमाणे प्रमुख धरून तेरा जण. बैठकीच्या वस्तूने अधिकाराचा बोध करून देणे मराठीला परके नाही. ‘गादी’ हा शब्द आपण असाच वापरतो. तिसरा ‘प्रोव्हेदोर’, म्हणजे तरतूद पाहणारा प्रमुख. हाच शब्द पोर्तुगालमध्ये आज लोकांच्या तक्रारींची दखल घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही वापरला जातो. गोव्यात सार्वजनिक साहाय्य पाहणाऱ्या शासकीय संस्थेला लोक अजूनही ‘प्रोव्हेदोरिया’ म्हणतात, आणि ती वृद्धाश्रम चालवते. मंडळाचे नाव लोकांच्या तोंडून गेले, पण त्याच्या प्रमुखाचे पदनाम अशा रीतीने टिकून राहिले.

प्रतिप्रश्न : मिझेर म्हणजे दीन, आणि सदस्यांना तर ‘इर्मांव’ म्हणजे भाऊच म्हणत. मग ‘दीनबंधू मंडळ’ हा आयता आणि सुंदर मराठी शब्द का वापरू नये?

उत्तर : सूचना मोहक आहे, आणि मीही बराच काळ त्याच शब्दाकडे झुकलो होतो. परंतु ‘दीनबंधू’ म्हणजे दीनांचा बंधू; त्यातले नाते देणारा आणि घेणारा यांच्यामधले आहे. ‘इर्मांव’मधले बंधुत्व सदस्यांचे आपापसांतले आहे. १६१८ च्या नियमावलीनुसार लिस्बनमध्ये सहाशे सदस्य असत, त्यांतले निम्मे उमराव आणि निम्मे कारागीर वर्गातले. सदस्याच्या कुळात ज्यू किंवा मुसलमान रक्त नसावे अशीही अट होती. ज्याच्या ताटात अन्न वाढायचे, तो या अर्थाने ‘भाऊ’ नव्हता. ‘दीनबंधू’ हा शब्द ही कुंपणे झाकून टाकतो, आणि इतिहास लिहिताना ती झाकली जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते.

दुसऱ्या बाजूने, याच बंदिस्तपणातून या मंडळाला पत मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. आशियात कोठेही मरण पावलेल्या पोर्तुगीज माणसाची मालमत्ता गोव्यातील मिझेरिकॉर्दिया पोर्तुगालमधील त्याच्या वारसांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था करीत असे. अनाथ मुलींसाठीचे ‘सेरा’ आणि स्त्रियांसाठीचे ‘माग्दालेना’ ही गोव्यातली दोन आश्रयस्थाने आर्चबिशप आलेक्सो दे मेनेझेस यांच्या काळातली. त्यांना पोर्तुगीजमध्ये ‘रेकोल्यिमेंतु’ म्हणत. तेथे मात्र ‘आश्रयगृह’ हा शब्द अचूक बसतो, कारण त्या खरोखरच वास्तू होत्या. ‘गृह’ हा शब्द आपण मूळ संस्थेसाठी खर्च करून टाकला, तर या आश्रयस्थानांसाठी शब्दच उरत नाही आणि मंडळ व त्याने चालवलेल्या वास्तू यांतला भेद पुसला जातो.

म्हणून माझी सूचना अशी की, लेखात प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया, म्हणजे दयाकृत्यांसाठी वचनबद्ध झालेले बंधुमंडळ’ असे पूर्ण लिहावे, आणि पुढे ‘दयाबंधुमंडळ’ हा छोटा शब्द चालवावा. उच्चाराबद्दल इतकेच, की पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकेरी ‘स’ (s) घोष, म्हणजे ‘झ’सारखा होतो, त्यामुळे ‘कासा’ आणि ‘मिसेरिकॉर्दिया’ यांऐवजी ‘काझा’ आणि ‘मिझेरिकॉर्दिया’ ही लेखने मूळ उच्चाराला अधिक जवळची आहेत.