मंडईच्या नाटकात 'संशयकल्लोळ'ची पदं कापायची का?

धानबांधी
यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री आमच्या गावचं मंडळ 'संगीत संशयकल्लोळ' करतंय. परवा तालमीत ठरलं, पदं काढायची आणि तेवढ्या वेळात दोन लावण्या बसवायच्या. मला हे पटत नाही. नाटककार देवलांचं हे नाटक १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं केलं, बालगंधर्व नायिका रेवती झाले. इतकी वर्षं ते टिकलं ते पदांवरच. ऑर्गनवाल्यानं सूर धरला की आपल्याकडं मागं कलंडलेली म्हातारीसुद्धा चादर सावरून उठून बसते. पदं काढली तर नायक आश्विनशेठ रेवतीपुढं नुसता उभा राहून करणार काय?

वैनगंगाकाठी
भाऊ, पदांवरच टिकलं हे खरं नाही. १८९३ साली देवलांनी हेच नाटक 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावानं गद्यात लिहिलं होतं. पदं मागाहून आली. त्याआधी मोलियरचं १६६० चं फ्रेंच प्रहसन, त्यावरून मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक. देवलांनी ते असं आपलंसं केलं की माणसांना महिन्यांची न् नक्षत्रांची नावं दिली: फाल्गुनराव, आश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती. हसू येतं ते घोटाळ्याचं. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळताना फाल्गुनराव बघतो. आता दोघंही पेटले. यात गाणं कुठं अडलंय? देवलांनी बदललं, तसं आपणही बदलू.

लाखोरी
रातभर बसाचं असते भाऊ. गानं नाई तं लोकं झोपतेत.

पेटीवाल्याची लेक
माझे बाबा झाडीपट्टीत, आपल्या या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, ऑर्गनवर बसायचे. पद लांबलं की लोक चुळबुळतात, हे त्यांना पहिल्या रांगेकडं बघून कळायचं. मग ते हळूच लय चढवून गाणाऱ्याला मुखड्यावर आणायचे. आलाप कापा, माझी हरकत नाही. माझं भांडण लावणीशी आहे. म्हणजे लावणी वाईट असं नाही, जागा चुकतेय. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली. आश्विनशेठ तिच्यावर लग्नाच्या बोलीनं प्रेम करतो, तरी संशय घेतो. तिच्या प्रवेशाला लागून लावणी आली, तर मांडवातले लोकही तिच्याकडं त्याच संशयानं बघतील. मग नाटक उरलं कुठं?

वैनगंगाकाठी
ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लावणी मध्यंतरानंतर, पडदा उघडायच्या आधी घ्या. पण फाल्गुनरावाचं बोलणं झाडीबोलीत हवंच, त्यावर मी अडून राहणार.

धानबांधी
गद्याचं मान्य, मी चुकलो. बोलीलाही माझी ना नाही. पण 'कर हा करी' मी सोडणार नाही, आणि रेवतीची दोन पदं. रविवारी वडस्याहून ऑर्गनवाले येणार आहेत, त्यांच्यापुढंच बसून ठरवू. ताई, तुम्हीही या.